डोळ्याखालचा भोवरा

आपल्याकडे कुठल्याही कार्यक्रमात आभारप्रदर्शन सगळ्यात शेवटी ठेवतात आणि तोवर मंडळी चपला शोधायला लागलेली असतात. मी आमच्या कॉलेजच्या बावीस स्नेहसंमेलनांत आभार मानले, आणि बावीसही वेळा ते फक्त खुर्च्या उचलणाऱ्यांनी ऐकले. म्हणून या वेळी आभार आधी मानून घेतो. छत्रीबागेतले जयसिंगराव, आमच्या मजल्यावरच्या सरोजिनीबाई, पोस्टातल्या चार नंबरच्या खिडकीवरचे साहेब, चोरलजवळच्या एका वरातीतला डीजेवाला, ज्यांचं मी एके काळी पूर्ण एक वर्ष घालवलं ते श्री. मानस, आणि निशिगंधा. यांतली निशिगंधा घोडी आहे. तिचं नाव शेवटी घेतलं याबद्दल तिचीही माफी मागतो.

माझं नाव लक्ष्मीकांत. आडनाव सांगत नाही, कारण निम्म्या इंदूरच्या पदव्या माझ्या टेबलावरून गेल्या आहेत आणि बऱ्याच जणांच्या मनात अजून राग आहे. कॉलेजच्या ऑफिसात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा अधीक्षक म्हणून. माझं काम होतं फॉर्म तपासणं. फॉर्म परत करणं म्हटलं तरी चालेल. तारखेवर गिरवलंय, परत. शाई निळी आहे, परत. कागदावर डाग आहे, परत. पणजोबा होळकर दरबारात दफ्तरी होते, त्यामुळे हा गुण रक्तातच असावा. निवृत्तीनंतर दोन वर्षं मला परत करायला काहीच उरलं नव्हतं. भाजीवाल्याकडून आलेली मेथी तेवढी मी अधूनमधून परत करत असे, तेही शारदाने बंद केलं. शारदा माझी पत्नी.

अशा दिवसांत, गेल्या सप्टेंबरातल्या एका रविवारी आमची मुलगी अबोली म्हणाली, "बाबा, एक छोटासा फॉर्म भरून द्याल का? जयसिंगकाकांना जमत नाहीये."

अबोली सव्वीस वर्षांची. विजय नगरातल्या एका कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते आणि रविवारी छत्रीबागेत जाऊन घोड्यावर बसते. आम्ही विजय नगरातल्या फ्लॅटमध्ये आलो त्याआधी छत्रीबागेतच राहायचो आणि जयसिंगराव आमच्या तीन घरं पलीकडे. त्यांचे आजोबा एका सरदारांच्या पागेवर होते. पागा गेली, सरदार गेले, पण अरबी घोड्यांची एक ओळ या घराण्याने सांभाळून ठेवली. जयसिंगरावांनी जन्मभर एका ट्रान्सपोर्ट कंपनीत नोकरी केली आणि घरामागे, नदीच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये कायम एक घोडी ठेवली. सध्याची निशिगंधा. नावासारखीच पांढरी.

जयसिंगराव आता शहात्तर वर्षांचे. पाण्याची बादली उचलायची नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. पुण्याहून मुलगा उन्मेष रोज फोन करून बोलावत होता. जायला तर हवंच होतं, पण निशिगंधेचं काय, एवढ्यावर सगळं अडलं होतं. तिला मागणारे दोघे होते. एक परदेशीपुऱ्यातला, वरातींना घोडी पुरवणारा. तो उद्याच न्यायला तयार होता. निशिगंधा तशी शांत, पण डीजेचा आवाज आला की थरथर कापते, आणि वरातवाल्याकडे तिला रोज तेच. दुसरे महूकडचे रघुवीरजी. त्यांच्या फार्मवर लांब पल्ल्याच्या दौडीचे बारा अरबी घोडे. ते म्हणाले, "काकाजी, घोड़ी रख लूँगा, उमर भर रखूँगा. पर इनाम वाली योजना में नाम होना चाहिए, और चालीस किलोमीटर की एक दौड़ पूरी की हुई होनी चाहिए. तेरहवाँ घोड़ा शौक से नहीं पाल सकता मैं."

ही दौड काय प्रकार आहे ते मला अबोलीने समजावलं. चाळीस किलोमीटर जायचं. पहिलं कोण आलं याला फारसा मान नाही. मध्ये एकदा आणि शेवटी एकदा जनावरांचे डॉक्टर घोडा तपासतात. येऊन वीस मिनिटांत त्याच्या हृदयाचे ठोके चौसष्टवर उतरले नाहीत किंवा तो लंगडला, तर बाद. ठणठणीत पोहोचला तर दौड पूर्ण. आणि योजना अशी, की तिच्यात नाव नोंदलेल्या अरबी घोड्याने दौड पूर्ण केली की प्रत्येक वेळी बक्षीस. एक भाग मालकाला, एक स्वाराला आणि एक पैदासकाराला, म्हणजे ज्याच्या दारी ते शिंगरू जन्मलं त्याला. नुसतं धडपणे पोहोचल्याबद्दल बक्षीस देणारी योजना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. आमच्या कॉलेजात अशी योजना असती तर माझ्याविषयी लोक बरं बोलले असते.

फॉर्म चौदा पानांचा निघाला. छोटासा म्हणजे काय, याबाबत अबोलीच्या पिढीशी माझे मतभेद आहेत. पण चौदा पानं पाहून मला किती बरं वाटलं ते मीच जाणे. मी जयसिंगरावांच्या ओट्यावर चटई टाकून बसलो आणि एकेक रकाना वाचू लागलो. घोडीच्या आईचं नाव, आईच्या वडिलांचं नाव, आईच्या वडिलांच्या वडिलांचं नाव. जयसिंगराव न थांबता सांगत होते. माझ्या मुंजीतसुद्धा कोणाला एवढ्या पिढ्या आठवल्या नव्हत्या. मग आला रकाना तेवीस, पैदासकाराचा पत्ता. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की घोडा कोणाकडेही असो, कुठेही असो, तो दौड पूर्ण करेल तेव्हा तेव्हा पैदासकाराला या पत्त्यावर पत्राने कळवण्यात येईल.

जयसिंगराव म्हणाले, "परत वाचा."

मी परत वाचलं.

"तेव्हा तेव्हा म्हणजे दर वेळी?"

"दर वेळी. घोडी आहे तोवर."

"पुण्याचा पत्ता चालतो का?"

"चालेल की."

"मग उन्मेषचा लिहा. पिनकोडसकट लिहा." मग थोड्या वेळाने पुन्हा, "पुण्याचा नक्की चालतो ना, लक्ष्मीकांतराव?" त्यांनी तीनदा विचारलं. बक्षिसाचा त्यांचा भाग किती, हे एकदाही विचारलं नाही. मी पत्ता लिहिला आणि पिनकोड उन्मेषला फोन लावून दोनदा तपासला.

यानंतर घसरगुंडी सुरू झाली. रक्ताच्या नात्याची खात्री करायला घोडीच्या आयाळीचे तीस केस पाठवायचे होते. मी कात्रीने एका रेषेत कापून, रबर लावून पाठवले. दहा दिवसांनी पाकीट परत. 'केस मुळासकट उपटलेले हवेत.' माझ्या आयुष्यात माझ्याकडे परत आलेला हा पहिला कागद. दोन दिवस मला जेवण गेलं नाही, आणि शारदा ते सगळ्यांना सांगत होती. दुसऱ्या वेळी निशिगंधेची माफी मागून एकेक केस उपटला, पण प्लास्टिकच्या पिशवीत घातला. आत ओल धरली, पुन्हा परत. तिसऱ्या वेळी कागदी पाकीट घेऊन मी स्वतः पोस्टात गेलो. चार नंबरच्या खिडकीवरच्या साहेबांनी पाकीट दाबून पाहिलं.

"अंदर क्या है?"

"बाल."

"किसके?"

"निशिगंधा के."

"आपकी कौन लगती हैं?"

मागे नऊ जणांची रांग होती. मी हळू आवाजात म्हणालो, "घोड़ी है."

साहेबांनी फूटपट्टीने पाकीट माझ्याकडे सरकवलं. "टोना-टोटका डाक से नहीं जाता, अंकलजी."

मी त्यांना योजनेचं पत्रक दिलं. त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मागची रांग काय बोलत होती ते इथे लिहीत नाही. शेवटी त्यांनी चष्मा काढला. "मतलब जीते नहीं, खाली पहुँच जाए तो भी इनाम?" मी हो म्हणालो. "गजब है भिया," असं म्हणून त्यांनी स्वतः शिक्का मारला, आणि घोडी पोहोचली की कळवा म्हणाले. या माणसाचे आभार मी वर मानलेच आहेत.

आता मुख्य अपराधाकडे येतो. फॉर्मच्या बाराव्या पानावर घोड्याची रिकामी चित्रं होती, डावीकडून, उजवीकडून आणि समोरून. आपल्या घोड्याच्या अंगावर जिथे जिथे केसांचा भोवरा असेल तिथे काळ्या शाईने फुली मारायची. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखंच हे. मी जेवणाच्या टेबलावर फोटो मांडून फुल्या मारत होतो. मानेवर एक, छातीवर दोन. तेवढ्यात सरोजिनीबाई डबा परत द्यायला आल्या. या गेली अठरा वर्षं इंदुरातल्या मराठी मुलामुलींची लग्नं जमवतात. त्यांचे आजोबा देवासच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात होते. त्यांनी एक फोटो उचलला, उजेडात धरला आणि म्हणाल्या, "हाय राम. हा तर आसूढाळ."

"म्हणजे?"

"डाव्या डोळ्याखाली भोवरा आहे बघा. जिथून आसू गळतो तिथे. असं जनावर मालकाला रडवतं म्हणतात. घोडेवाले लोक दारात नाही उभं करत."

शारदाने भाजीची सुरी खाली ठेवली. मी विज्ञान शाखेचा पदवीधर असल्याचं सांगून पाहिलं. त्यावर शारदा म्हणाली, की विज्ञान शाखेचे पदवीधर दर शनिवारी मारुतीला तेल कशाला घालतात.

"ते रघुवीरजी हा कागद बघतील ना?" सरोजिनीबाईंनी विचारलं. "मग सोडा ती फुली. अहो लक्ष्मीकांतजी, बायोडाटा आहे तो, पुलिस रिपोर्ट थोडाच आहे? मी मंगळाच्या मुलींचं काय लिहिते? 'पत्रिका पाहणे नाही.' बस. खोटं बिलकुल नाही लिहायचं. फक्त लिहायचं नाही. दोन्हीत फरक आहे."

एकतीस वर्षांत हा फरक सांगणारी पोरं मी दारातून हाकलली होती. पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर डीजेच्या गाडीमागे थरथरत चाललेली निशिगंधा आली. मी पेनाला टोपण लावलं. दुसऱ्या दिवशी जयसिंगरावांनी सही करताना बारावं पान पाहिलंसुद्धा नाही. "तुम्ही बघितलंय ना सगळं, मग झालं," म्हणाले. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे शारदाने कोणाला सांगितलं नाही.

नाव नोंदलं गेलं. घोडीच्या मानेत चिप बसली. अबोली रोज पहाटे गोम्मटगिरीच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यावर तयारी करू लागली, आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी आम्ही सगळे चोरलजवळच्या एका मोठ्या माळावर पोहोचलो. सरोजिनीबाईही आल्या. त्यांनी आणलेलं लिंबू-मिरची आमच्या पाण्याच्या बादलीला बांधलं. शारदाने पाच डबे पोहे आणले होते, वर शेव वेगळी. मला मदतनिसाचा बिल्ला मिळाला. माझं काम म्हणजे घोडी आली की तिच्यावर पाणी ओतून तिला थंड करणं. सराव म्हणून मी एक बादली ओतून पाहिली, ती तपासणीच्या डॉक्टरीणबाईंच्या बुटांत गेली. त्यामुळे आमची ओळख लवकर झाली.

दौडीआधीच्या तपासणीत बाईंनी चिपवर यंत्र धरलं. आकडा जुळला. मग त्यांनी बारावं पान काढलं, निशिगंधेचं तोंड हातांत धरलं आणि थांबल्या.

"बाईं आँख के नीचे भौंरा है. चित्र में नहीं है. दोनों मिलना जरूरी है." आणि त्यांनी योजनेच्या सचिवांना हाक मारली.

सचिव म्हणजे तिशीतला एक शांत माणूस, छातीवर नाव मानस. त्याने चित्र पाहिलं, घोडी पाहिली आणि मग मला पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सर, तुम्ही लक्ष्मीकांत सर ना? अधीक्षक?"

मी मान हलवली.

"सेकंड इयरला माझा परीक्षेचा फॉर्म तुम्ही परत केला होता, सर. चार वेळा. चौथ्यांदा फोटोवरची सही फोटोच्या बाहेर गेली म्हणून. मग लास्ट डेट निघून गेली. माझा साल गेला."

माळावर एवढे घोडे होते, त्यातला एकही त्या क्षणी खिंकाळला नाही. अबोली घोडीचा लगाम धरून माझ्याकडे पाहत होती. जयसिंगराव शेजारी उभे होते. रघुवीरजी थोडे मागे, हाताची घडी घालून. मी उभ्या जन्मात एवढा लहान झालो नव्हतो.

मानसने एक कागद पुढे केला. "दुरुस्तीचा फॉर्म आहे, सर. फुली का राहिली त्याचं कारण लिहा. बहुतेक लोक 'नजरचूक' लिहितात. तेवढं लिहिलंत तर मी आत्ताच पास करतो. दुसरं काही असलं तर समितीला विचारावं लागेल. घोडी पळेल, पण गिनतीत धरायची की नाही ते संध्याकाळी."

किती सोपं होतं. त्या भल्या माणसाने पाच अक्षरी दार उघडून धरलं होतं. मी 'नज' एवढं लिहिलं. आणि मला आठवलं, की नजरचुकीने झालं असं लिहून आणणाऱ्या पोरांना मी टेबलापलीकडून विचारायचो, मग नजर होती कुठे? माझी नजर त्या भोवऱ्यावरच होती. शेजारी जयसिंगराव अंगठ्याने निशिगंधेच्या डोळ्याखाली कुरवाळत होते, नेमकं तिथेच. मी 'नज' खोडलं, खोडल्यावर आडवी सही केली आणि लिहिलं : 'फुली जाणूनबुजून मारली नाही. भोवरा अशुभ मानतात म्हणून घोडी नाकारली जाईल अशी भीती वाटली. मालकांना याची कल्पना नव्हती. दोष माझा.'

जयसिंगरावांनी चष्मा लावून ते वाचलं. मी कानांत बोटं घालायच्या बेतात होतो.

"यासाठी लपवलंत होय?" ते म्हणाले. "अहो, या भोवऱ्यामुळेच तर ही माझ्याकडे राहिली. हिच्या आधीची सात शिंगरं विकावी लागली. हिला तीन गिऱ्हाईकं आली, तोंड बघून परत गेली. नंतर आमच्या मंडळी वारल्या. घरात मग ही अन् मी. रडवायचंच असतं तर तेव्हा रडवलं असतं हिने."

मागून रघुवीरजी पुढे आले. "साहब, घोड़े वाला आदमी सबसे पहले घोड़े का मुँह देखता है. भौंरा तो मैंने पहले ही दिन देख लिया था. मेरी परेशानी दूसरी थी. कागज में भौंरा गायब, तो मैं सोचूँ, ये लोग और क्या-क्या छुपा रहे हैं. तीन बार आके पैर देख गया मैं इसके." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अब चैन पड़ा. दौड़ने दो."

सरोजिनीबाई हे ऐकून पोह्यांच्या डब्यांकडे गेल्या आणि बराच वेळ शेव वाटत राहिल्या.

अबोली निघाली. पहिले वीस किलोमीटर झकास झाले. निशिगंधा आली, मी या वेळी पाणी घोडीवरच ओतलं, ठोके लगेच छप्पन्नवर आले. पुन्हा निघाली. दुपारी एकच्या सुमारास माळाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला. अबोली उतरली, आम्ही खोगीर काढलं, पाणी ओतलं. ठोके बहात्तर. मग अडुसष्ट. अजून चौदा मिनिटं हातात होती.

आणि त्याच वेळी कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर वरात आली. डीजेची गाडी पुढे, मागे चाळीस-पन्नास जण नाचणारे. पहिला ठोका वाजला आणि आमच्या पत्र्याच्या बादल्या वाजायला लागल्या. निशिगंधेचे कान मागे गेले. अंग थरथरू लागलं. बाईंनी नळी लावली, "चौरासी."

मी धावलो. शारदा म्हणते मी धावलो नाही, भरभर चाललो, पण ती पाठमोरी होती. मी डीजेवाल्यापुढे हात जोडले. "भिया, दस मिनट बंद करो, घोड़ी घबरा रही है." तो हसून म्हणाला, "अंकल, शादी है, नाच लो थोड़ा." कोणीतरी माझ्या हातात रुमाल दिला. दुसऱ्याने मला मध्ये ओढलं. विनंती करायची मला सवयच नाही, ती मला जमत नाही, हे तिथे कळलं. मग मला जे येतं तेच मी केलं. रुमाल परत दिला, खिशातून चष्मा काढून लावला आणि म्हणालो, "परमिशन का कागज दिखाइए."

नाचणारे थांबले. "आप कौन?"

"अधीक्षक." निवृत्त हा शब्द मी मनातल्या मनात म्हणालो.

डीजे बंद झाला. नवरदेवाचे काका गाडीतून उतरले, पिशव्या धुंडाळल्या गेल्या, कोणीतरी मागच्या जीपमध्ये पाहिलं, शेवटी नवरदेवाच्या शेरवानीच्या खिशातून घडी घातलेला कागद निघाला. मी तो उलगडला. इतक्या सावकाश मी आयुष्यात काही वाचलं नसेल. तारखेवर गिरवलेलं होतं. "ये क्या है?" काका म्हणाले, "वो साहब, सात का नौ किया, पंडितजी ने मुहूरत बदला." मी त्यांना गिरवणं आणि खोडून सही करणं यातला फरक समजावला. सहीखाली नाव नव्हतं, ते दाखवलं. मागची बाजू वाचली, ती कोरी होती, तरी वाचली. पन्नास माणसं श्वास रोखून उभी होती. घोड्यावरचा नवरदेव म्हणाला, "साहब, आज शादी हो जाएगी ना?"

कुंपणापलीकडे अबोलीने दोन्ही हात वर केले.

"ठीक है," मी कागद परत दिला. "आगे से ध्यान रखना. और वो मोड़ के आगे जाके बजाना."

काकांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "साहब, आपने बड़ी मेहरबानी की." आणि हातावर बुंदीचा लाडू ठेवला. एकतीस वर्षांत माझ्या तपासणीनंतर कोणी माझे आभार मानले ते हे पहिलेच. परत आलो तर बाई वहीत लिहीत होत्या, अठ्ठावन्न. मग अबोलीने निशिगंधेला दुडक्या चालीने पळवून दाखवलं, चारही पाय सारखे पडले, आणि बाई म्हणाल्या, "पूरी."

आता समिती उरली. संध्याकाळी पाचला मानस दुरुस्तीचा कागद घेऊन आला. घोडी तीच, चिप तीच, केस तेच, कारण खरं लिहिलंय, म्हणून दौड गिनतीत धरली, असं त्याने सांगितलं. मी त्याला म्हणालो, "मानसराव, त्या वेळी चुकलं माझं. सही दोन मिलिमीटर बाहेर होती."

"तीन होती, सर," तो म्हणाला. "त्या साली काही काम नव्हतं म्हणून मी मामांच्या तबेल्यावर गेलो. घोडे तिथेच भेटले मला. पण साल गेला तो गेलाच." एवढं बोलून त्याने पेन पुढे केलं. "आता फुली मारा. मालकांची सही शेजारी."

मी चित्रातल्या घोडीच्या डाव्या डोळ्याखाली फुली मारली. जयसिंगराव सही करायला वाकले. रघुवीरजींनी तोवर निशिगंधेच्या गळ्यात आपल्या फार्मची दोरी घातली होती आणि ती दोरी जयसिंगरावांच्याच हातात ठेवली होती, आज तुम्हीच गाडीत चढवा म्हणून. सही पूर्ण झाली आणि कागदावर टपकन पाणी पडलं. फुलीची शाई पसरली.

जयसिंगराव डोळे पुसत हसले. "घ्या, लक्ष्मीकांतराव. भोवरा खरा निघाला."

मी चष्मा काढून पुसला. माझ्या चष्म्याचं काही बरोबर नव्हतं. मानस कागदाकडे पाहत होता. माझ्या टेबलावर असा कागद आला असता तर मी काय केलं असतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्याने रुमालाने तो कागद हलकेच टिपला आणि फाइलमध्ये लावला.

जयसिंगराव मार्चमध्ये पुण्याला गेले. निशिगंधा महूला आहे, अबोली रविवारी तिकडे जाते, आणि पोस्टातल्या साहेबांना मी पोहे नेऊन दिले. गेल्या आठवड्यात पुण्याहून फोन आला. जयसिंगरावांनी आधी पाणी येतं का, शारदा कशी आहे, असं सगळं विचारलं.

मग म्हणाले, "घोडीने दुसरी दौड पूर्ण केली. पत्र आलंय. तेच सांगायला फोन केला." आणि थोडं थांबून, "पत्ता अगदी बरोबर लिहिलात हो तुम्ही. पिनकोडसकट."